ब्रेक दाबला की गाडी थडथडते: ड्रम लेथवर चढवण्याआधी बघायच्या गोष्टी

"ब्रेक मारला की स्टेअरिंग हातात नाचतं." दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मोठ्या गाड्यांचे मालक हे वाक्य इतक्या वेळा बोललेत की आता फोनवरच त्यांचं पुढचं वाक्य मला सांगता येतं: "ड्रम ओव्हल झालेत, टर्निंग करून टाका." ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं भांडं, ज्याला आतून ब्रेकचे शू घासतात; टर्निंग म्हणजे ते लेथवर आतून कापून गोल करणं. निदान मालकाचं, औषधही मालकाचं, आम्ही फक्त हात चालवायचे.

माझा अनुभव असा, की निम्म्याहून जास्त गाड्यांत ड्रमचा दोष नव्हताच, किंवा होता तरी तो मूळ दोष नव्हता. आणि ड्रमवरून एकदा उतरवलेलं लोखंड परत चढत नाही. १९३२ च्या गाडीचा ड्रम काही पुण्याच्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात, टांगलेला नसतो. म्हणून खाली दिलेला क्रम मी कधी मोडत नाही. जे फुकटात होतं आणि चुकलं तर पूर्ववत करता येतं ते आधी. जे पूर्ववत होत नाही ते सगळ्यात शेवटी.

हे मुख्यतः १९२५ ते १९३६ च्या रोल्स-रॉइस गाड्यांना धरून लिहितोय: ट्वेंटी, २०/२५, फँटम वन, फँटम टू. आपल्याकडे संस्थानिकांच्या जुन्या घरांतून आणि मुंबई-पुण्याच्या संग्राहकांकडे ज्या युद्धपूर्व गाड्या उरल्यात त्यांत या बऱ्याच दिसतात. त्याच काळातल्या पॅकार्ड, ब्यूक किंवा डेमलरलाही यातलं बहुतेक लागू पडेल. फक्त सर्वोचा भाग सोडून द्या.

आधी सर्वो समजून घ्या

या गाड्यांत ब्रेकला तेल नाही, हवा नाही, व्हॅक्यूमही नाही. सगळं दांडे, लिव्हर आणि कॅमवर (फिरून शू फाकवणाऱ्या तुकड्यावर) चालतं. दोन-अडीच टनांची गाडी नुसत्या पायाच्या जोरावर थांबणार नाही, म्हणून गिअरबॉक्सच्या बाजूला एक घर्षणाची तबकडी बसवलेली असते, तोच सर्वो. गाडी रस्त्यावर धावत असली की ती गिअरबॉक्समधून सावकाश फिरत राहते. पेडल दाबलं की ही तबकडी पकडली जाते आणि तिचं फिरणंच ब्रेकचे दांडे ओढतं. थोडक्यात, गाडीचाच वेग गाडीला थांबवायच्या कामी लावलाय. ही कल्पना मूळची हिस्पानो-सुइझाची, मार्क बिर्किग्ट यांची. १९१९ च्या एच-६ गाडीत ती आली, आणि रोल्स-रॉइसने तिचा परवाना घेऊन १९२४ च्या सुमारास सिल्व्हर घोस्टला चारही चाकांचे ब्रेक दिले. ट्वेंटीला ते वर्षभराने मिळाले.

यातून निघणाऱ्या दोन गोष्टी पुढच्या तपासणीत सारख्या लागतील. पहिली, पायाचा थोडा जोर थेट मागच्या ब्रेकांना जातो, पुढच्या ब्रेकांचं काम मात्र सर्वोवर आहे. गाडी उभी असेल तर सर्वो फिरत नाही, म्हणजे पुढच्या चाकांना जवळजवळ काही पोचत नाही. दुसरी, हँडब्रेकचे शू वेगळे असतात. मागच्याच ड्रममध्ये, पण पायाच्या ब्रेकच्या शूंच्या शेजारी. निदानासाठी ही दुसरी गोष्ट म्हणजे आयतीच मिळालेली चावी आहे.

लक्षणं

सगळी थरथर एकाच जातीची नसते. गाडी घेऊन रिकाम्या, सपाट रस्त्यावर जा. शेजारी वही घेऊन कुणाला तरी बसवा आणि खालच्यापैकी काय होतंय ते लिहायला सांगा.

१. पेडल पायाखाली ठोके देतं, आणि वेग कमी होईल तसे ठोकेही विरळ होत जातात.

२. स्टेअरिंग डावी-उजवीकडे फडफडतं, पुढचा एक्सल नाचतो. हे विशिष्ट वेगालाच सुरू होतं, समजा पन्नासला, आणि चाळीसच्या खाली आपोआप थांबतं.

३. शेवटच्या पाच-दहा मीटरमध्ये घर्रर्र असा आवाज येतो, गाडी हिसके देत थांबते.

४. पेडलला संथ लाट येते. ब्रेक धरतो, किंचित सोडतो, परत धरतो. चाकाच्या ठोक्याशी या लाटेचा मेळ बसत नाही, ती त्याहून संथ असते.

५. सकाळी काही नाही. घाट उतरला की थरथर सुरू.

६. सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकांना थरथर, नंतर गायब.

पहिल्या लक्षणाला थोडा हिशेब लावता येतो. १९ इंची रिमवर ६ इंची टायर असेल तर चाकाचा एक फेरा जवळपास अडीच मीटरचा होतो. ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला साडेसहा-सात फेरे, ३० ला त्याच्या निम्मे. ड्रमचं केंद्र सरकलेलं असेल तर दर फेऱ्याला एक ठोका बसतो. ड्रम खरोखरच अंडाकृती असेल तर दोन. ६० ला हे मोजता येत नाही, पण पंधरा-वीसच्या वेगाला पायाला स्पष्ट कळतं. शेजारच्या माणसाला खिडकीतून चाकावर लावलेली खडूची खूण बघायला सांगा आणि तुम्ही ठोके मोजा. पोरखेळ वाटेल, पण डायल गेज (बारीक फरक सुईने दाखवणारं मापयंत्र) लावण्याआधी निम्मं उत्तर इथेच मिळतं.

दुसरं लक्षण असेल तर ड्रमकडे बघूही नका, अजून तरी. ठोका वेगाबरोबर बदलत नाही, ठरावीक वेगालाच उठतो, याचा अर्थ पुढचा एक्सल, पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि स्टेअरिंग मिळून आपल्या लयीत डोलायला लागलेत. ब्रेक तिथे फक्त धक्का देणारा.

तपासणी, स्वस्तापासून

पहिली: ब्रेक न लावता चालवून बघा.

इतकं उघड आहे की कुणी करतच नाही. या गाड्या वर्षातून दोनदा बाहेर पडतात, एकदा रॅलीला आणि एकदा दसऱ्याला. मधले अकरा महिने एकाच जागी उभ्या. जुन्या पद्धतीचे क्रॉसप्लाय टायर तसे उभे राहिले की जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. दहा-पंधरा किलोमीटर चालून टायर गरम झाला की बहुतेक वेळा तो परत गोल होतो. थंड टायरवर केलेलं ब्रेकचं निदान म्हणून मी मानत नाही. हवेचा दाबही बघा, आणि दोन्ही बाजूंचा सारखाच ठेवा. पंधरा वर्षं जुना टायर नक्षी शाबूत आहे म्हणून 'नवाच' म्हणणारे मालक आहेत. बाजूच्या भिंतीला केसासारख्या भेगा दिसल्या तर ब्रेकचा विषय बाजूला ठेवून आधी टायर बदला.

दुसरी: सहाव्या लक्षणाला वेळ द्या.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या ड्रमला आतून तांबूस गंज धरतो. पण जिथे शू टेकलेला असतो तिथे तो वेगळ्या प्रकारे धरतो. म्हणजे एकाच ड्रमवर दोन प्रकारचे पृष्ठभाग तयार होतात, एक घासलेला आणि एक खरखरीत, आणि शू त्यांवरून जाताना धरतो-सोडतो. गंज वरवरचा असेल तर पंचवीस-तीसच्या वेगाने दहा-बारा हलके ब्रेक लावल्यावर तो निघून जातो. मुंबईत समुद्राजवळच्या गॅरेजात हा गंज लवकर आणि खोल बसतो. तिथे ड्रम काढून पॉलिश पेपरने हाताने साफ करावा लागतो; पण ड्रम काढण्याआधी सातव्या तपासणीतला इशारा वाचा.

याचं मूळ कारण बहुतेकदा एकच, ओढून ठेवलेला हँडब्रेक. गाडी महिनोन्महिने उभी करायची असेल तर हँडब्रेक सोडा आणि चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावा. मी एका गाडीचा मागचा शू ड्रमला असा चिकटलेला पाहिलाय की ट्रकला बांधून ओढली तेव्हा लायनर, म्हणजे शूवरचं घासणारं अस्तर, शूवरून सुटला आणि ड्रमलाच चिकटून राहिला.

तिसरी: हँडब्रेकची चाचणी.

मोकळा सपाट रस्ता, मागेपुढे कोणी नाही, वेग पंचवीस-तीस. पायाने काही न करता हँडब्रेक हलकेच ओढा, आणि चाप दाबून धरा म्हणजे तो दात्यात अडकणार नाही. आता थरथर आली तर दोष मागच्या ड्रममध्ये, हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) किंवा मागच्या एक्सलच्या बांधणीत आहे. सर्वो आणि पुढची चाकं सुटली. थरथर आली नाही तर मागचा ड्रम बहुधा गोल आहे. बहुधा म्हणतो कारण हँडब्रेकचे शू ड्रमच्या दुसऱ्या पट्ट्यावर घासतात. पायाच्या ब्रेकचा पट्टा वेगळा खराब झालेला असू शकतो. तरीही एक रुपया खर्च न करता निम्मी गाडी संशयातून बाहेर पडते.

सुरुवातीच्या सिल्व्हर घोस्टवर ही चाचणी जशीच्या तशी लावू नका. तिथे पायाचा ब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्समागच्या प्रॉपेलर शाफ्टवर आहे. शाफ्ट चाकाच्या तिप्पट-चौपट वेगाने फिरतो, त्यामुळे ठोकेही त्याच हिशेबात जलद येतात.

चौथी: तापमान.

आठ-दहा किलोमीटर नेहमीसारखी चालवा, थांबा आणि चारही ड्रमचं तापमान बघा. पूर्वी आम्ही पाण्याचा थेंब टाकून चर्र होतो का ते बघायचो; आता लांबूनच तापमान दाखवणारी इन्फ्रारेडची बंदूक मिळते. आकडा किती आला त्यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक महत्त्वाचा. एक ड्रम जोडीदारापेक्षा बराच गरम असेल तर तिथे शू सुटत नाहीये. सतत घासणारा शू ड्रमला एका बाजूने तापवतो, तापलेला ड्रम वाकडा होतो, आणि पाचव्या लक्षणाचा जन्म होतो. कारण बरेचदा क्षुल्लक असतं: सुकलेला कॅम, मरगळलेली रिटर्न स्प्रिंग, पिनमध्ये घट्ट झालेलं जुनं ग्रीस. ब्रेकचा प्रत्येक दांडा आणि प्रत्येक पिन हाताने हलवून बघा. एखादी पिन अडकत असेल तर ती काढून, साफ करून, तेल लावून बसवा. नुसतं वरून तेल सोडून भागत नाही.

बोरघाट उतरताना टॉप गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून खोपोलीपर्यंत येणाऱ्या चालकाला मात्र यातलं काहीच उपयोगी पडणार नाही. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा.

पाचवी: जॅक लावून चाक हलवणं.

इथून पुढे गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. घोडी लावा, पक्क्या फरशीवर.

चाक वरून आणि खालून धरून हलवा. खेळ लागला तर तो बेअरिंगचा की किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिचा? साध्या गाडीत आपण दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगतो: खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. या गाड्यांत हे चालत नाही, कारण वर सांगितलंय. गाडी उभी असताना पुढच्या ब्रेकला जोरच मिळत नाही. मी स्वतः सुरुवातीला याच सापळ्यात पडून एका २०/२५ चे चांगले किंगपिन काढायला निघालो होतो. इथे डोळ्यानेच बघायचं. चाक हलवताना ड्रम आणि बॅकप्लेट (ड्रममागची न फिरणारी तबकडी) यांच्यातली फट कमी-जास्त होत असेल तर बेअरिंग ढिलं. बॅकप्लेटसकट सगळंच एक्सलच्या टोकावर हलत असेल तर किंगपिन.

बेअरिंग ढिलं असलं की ब्रेक लागताना ड्रम तिरका होतो आणि शूची एक कड आधी धरते. लक्षण हुबेहूब ओव्हल ड्रमचं. खर्च मात्र एका स्प्लिट पिनचा.

तारांची चाकं असतील तर प्रत्येक तार पान्याने हलकेच वाजवून ऐका. ताणलेली तार टणकन वाजते, ढिली बद्द आवाज देते. मधल्या हबच्या खाचा झिजल्या असतील तर ब्रेक लागताना आणि सुटताना खट्‌ असा एकेक आवाज येतो. चाकाचा मधला नट पुरता घट्ट आहे ना तेही बघा, आणि तो नट त्याच्या खास पान्यानेच घट्ट करा.

सहावी: पाटे आणि यू-बोल्ट.

इथे जरा थांबतो, कारण दुसऱ्या लक्षणाचं मूळ माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडलंय, आणि इथे सगळ्यात कमी बघितलं जातं.

ब्रेक लागतो तेव्हा नेमकं काय होतं? शू ड्रमला धरतात. ड्रम फिरत असतो, तो शूंना आपल्याबरोबर पुढे ओढतो. शू बॅकप्लेटवर, आणि बॅकप्लेट एक्सलला बोल्टने जखडलेली. म्हणजे अख्खा एक्सलच चाकाबरोबर पुढे गडगडायला बघतो. त्याला अडवतात कोण? फक्त दोन बाजूंचे पाटे. या गाड्यांत पुढच्या एक्सलला वेगळा आधार नसतो. पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा मुरडतो आणि ताण सहन करतो. आता पाटा एक्सलला बांधणारे यू-बोल्ट अर्ध्या फेऱ्याने जरी ढिले असतील, शॅकलच्या (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीच्या) पिना-बुश झिजले असतील, किंवा मधलं एखादं पान तुटलेलं असेल, तर पाटा मुरडतो, सुटतो, परत मुरडतो. एक्सल मागे-पुढे डोलतो, किंगपिनचा तिरकेपणा त्याच्याबरोबर बदलत राहतो आणि चाकं फडफडू लागतात. ड्रम आरशासारखे गोल असले तरी स्टेअरिंग नाचणारच.

रोल्सच्या पाट्यांवर बरेचदा चामड्याचे मोजे शिवलेले असतात. दिसायला देखणे, पण आत तुटलेलं पान वर्षानुवर्षं लपून राहतं. मोजा सोडून बघायचा कंटाळा करू नका. यू-बोल्ट तपासताना गाडी चाकांवर उभी हवी, घोडीवर नको. चारही नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. शॅकलला ग्रीस किंवा तेल पोचतंय का बघा. मग शॉक अॅब्सॉर्बर: त्यांचं तेल संपलेलं असेल तर उठलेली थरथर मारायला कोणी उरत नाही.

एका फँटम टूचं सांगतो. मालकाने दोन ठिकाणी ड्रम टर्निंग करून घेतले होते, तिसऱ्या ठिकाणी लायनर बदलले होते. थरथर तशीच. माझ्याकडे आली तेव्हा पुढच्या डाव्या पाट्याचे दोन यू-बोल्ट हाताने फिरत होते. आवळायला वीस मिनिटं लागली. थरथर गेली, पण ड्रम तोवर इतके पातळ झाले होते की आज ना उद्या नवे करावेच लागणार होते.

सातवी: ड्रम उघडून बघणं.

ड्रम काढण्याआधी एक इशारा, आणि हा मी कुणालाही सवलतीने सांगत नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवायची नाही, कोरडा ब्रश मारायचा नाही. पाण्यात थोडा साबण घालून फवारा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. तोंडावर रुमाल पुरत नाही. बारीक धूळ अडवणारा मास्कच लागतो.

आत काय बघायचं? आधी तेल. लायनर काळा, चकचकीत, ओलसर दिसला तर तो गेला. रॉकेलने धुऊन तो वरून कोरडा दिसेल, पण गरम झाला की आतलं तेल परत बाहेर येतं. आणि तेल लागलेला लायनर घसरतोच असं नाही. अर्धवट तेलकट लायनर उलट हिसके देत धरतो, तिसऱ्या लक्षणासारखा. लायनर बदलण्याआधी तेल आलं कुठून ते शोधा, नाहीतर सहा महिन्यांनी परत इथेच. मागच्या चाकांत असेल तर डिफरन्शिअलमध्ये तेल पातळीपेक्षा जास्त भरलेलं असतं. या गाड्यांच्या सीलला तो दाब झेपत नाही. पुढच्या चाकांत असेल आणि गाडी फँटम टूसारखी, पायाने पंप मारून चॅसिसभर तेल पोचवणारी असेल, तर चालकाला विचारा दिवसातून किती वेळा पंप मारतो. एका वयस्कर चालकाला तो पंप दर सिग्नलला दाबायची सवय होती. गाडीवर प्रेम म्हणून.

मग लायनरचा स्पर्श. लायनरवर खडू घासा, ड्रम बसवा, चाक फिरवत ब्रेक हलका लावा, पुढचं चाक असेल तर त्याचा लिव्हर हाताने ओढा. मग उघडा. खडू मधल्या भागात पुसला असेल तर ठीक, वापरात तो पसरत जाईल. फक्त दोन टोकांना पुसला असेल तर शूची गोलाई ड्रमपेक्षा मोठी आहे. अशी टोकं ड्रमला चावतात आणि थरथर ठरलेली. टोकं कानशीने उतरती करा. पण अॅस्बेस्टॉसच्या लायनरला कानस लावायची नाही. जुना असेल आणि खात्री नसेल तर तो अॅस्बेस्टॉसचाच समजा, शू काढून नवीन लायनर मारून घ्या.

लायनर कुठला मारायचा यावर लोक भांडतात. माझं मत: ट्रकचा कडक लायनर नको. तो टिकतो खरा, पण थंड असताना धरत नाही, गरम झाला की एकदम धरतो, आणि त्यापायी ड्रम चरतो. विणलेला, मऊसर लायनर तांब्याच्या किंवा पितळी रिव्हेटने मारलेला चांगला. रिव्हेटची डोकी खोल बसली आहेत ना ते नखाने बघा. एक डोकं वर असेल तर ड्रमवर गोल चर पाडतं.

आठवी: सर्वो.

चौथं लक्षण, म्हणजे संथ लाट, असेल तरच इथे या. चाकं, शू, पाटे सगळं ठीक असूनही पेडल लाटेसारखं येत-जात असेल तर सर्वोची तबकडी तेलकट झाली आहे, तिचा लायनर काचेसारखा गुळगुळीत झालाय किंवा ती सरळ फिरत नाही. बाहेरून एवढंच करा: गिअरबॉक्समधून तेल झिरपतंय का बघा, सर्वोच्या दांड्यांच्या पिना मोकळ्या आहेत का बघा, आणि पेडलचा मोकळा खेळ त्या मॉडेलच्या पुस्तकात दिलाय तसा ठेवा. अगदी कमी वेगाला, गाडी रांगताना, सर्वो किंचित उशिरा धरतो. तो दोष नाही, त्याचा स्वभाव आहे. गर्दीत या गाड्या पुढच्याच्या मागे चिकटून चालवू नयेत ते त्यामुळेच.

सर्वो उघडायचा नाही. पुढे सांगतो का ते.

नववी: आता डायल गेज, आणि मग लेथ.

एवढं करून पहिलं लक्षण शिल्लक असेल तर ड्रम मोजा. हबवर, त्याच्याच बेअरिंगवर, बेअरिंग नीट आवळून. डायल गेजचं टोक आतल्या घासण्याच्या पट्ट्यावर ठेवा आणि चाक सावकाश फिरवा. ०.१० मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर मी हात लावत नाही. ०.१५ च्या वर गेला आणि ठोके त्याच चाकाशी जुळत असतील तर टर्निंग करतो. सुई दर फेऱ्याला एकदा वर-खाली जाते की दोनदा, तेही लिहा. एकदा जात असेल तर ड्रम हबवर सरळ बसलेला नसण्याची शक्यता मोठी: मधे गंज, रंगाचा थर, एखादी कचराकणी. ड्रम काढून बसायची जागा साफ करा, परत मोजा. कित्येकदा इथेच काम संपतं.

आतल्या पट्ट्यावर निळसर-काळे डाग दिसले तर ते अतितापलेले ठिपके. तिथलं लोखंड कडक झालेलं असतं. लेथचं हत्यार त्यावरून उडी मारतं आणि ड्रम गोल दिसूनही तिथे उंचवटा राहतो. असा ड्रम ग्राइंडिंगनेच सरळ होतो, आणि डाग खोल असतील तर होत नाही.

लेथवाल्याला चार गोष्टी सांगून ठेवा. ड्रम हबसकट चढवायचा, बेअरिंगच्या जागेवरून केंद्र घ्यायचं. कड चकमध्ये पकडली तर ड्रम पकडीतच वाकडा होतो, चकमध्ये गोल कापला जातो आणि सोडला की परत ओव्हल. ड्रमच्या बाहेरून जाड रबरी पट्टा आवळायचा, नाहीतर तो घंटेसारखा वाजतो आणि हत्याराच्या थरथरीचे वळ आत उमटतात. शेवटचा कट अगदी बारीक. जाड कट दिला तर आत स्क्रूसारखा आटा तयार होतो, शू त्यावरून बाजूला सरकत जातो आणि खट्‌ करून परत येतो. आणि एका एक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला.

किती लोखंड काढायचं? अमेरिकन गाड्यांच्या ड्रमसाठी मूळ व्यासापेक्षा ०.०६० इंच, म्हणजे दीड मिलिमीटर, ही जुनी सर्वसाधारण मर्यादा. ब्रिटिश ड्रमला मी तेवढंही जाऊ देत नाही. पातळ ड्रम लवकर तापतो आणि जोराने दाबलं की फुगतो. त्याहून वाईट म्हणजे, ड्रम मोठा आणि लायनर झिजलेला अशी गाठ पडली की कॅमला जास्त फिरावं लागतं. तो आपल्या टोकापलीकडे गेला तर तिथेच अडकतो आणि चाक जाम होतं. म्हणून टर्निंगनंतर जाड लायनर लावून शूची गोलाई नव्या व्यासाला घासून घ्यावीच लागते. हे न करता गाडी परत देणाऱ्या गॅरेजात दुसऱ्यांदा जाऊ नका.

हात कधी थांबवायचा

ड्रमला भेग दिसली, केसाएवढी का असेना, तर गाडी त्याच क्षणी बंद. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. ड्रम नवीन करून घ्यावा लागतो आणि ते ओतकाम-यंत्रकाम जाणणाऱ्याचं काम आहे.

सर्वो उघडण्याची वेळ आली तर ज्याने आधी दोन-चार सर्वो उघडलेत अशाच माणसाकडे द्या. आतली मापं बारीक आहेत, आणि चूक झाली तर पुढचा ब्रेक पुरता जातो, मागे फक्त पायाचा थोडा जोर उरतो. एका चाकाचा दोष आणि सर्वोचा दोष यात फरक आहे तो हा.

एक्सलमधली किंगपिनची भोकंच मोठी झाली असतील, एक्सल वाकल्याचा संशय असेल, किंवा चाकाच्या तीन-चारहून जास्त तारा ढिल्या असतील, तर घरी प्रयोग नको. ब्रेक लावल्यावर गाडी एकाएकी एका बाजूला ओढत असेल, एक चाक जाम होत असेल, किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. ट्रकवर चढवून न्या. हँडब्रेकवर हळूहळू नेतो म्हणणारे मी पाहिलेत. त्यातल्या एकाची गाडी कात्रजच्या उतारावर रस्त्याकडेच्या भिंतीने थांबवली.

आणि चारही चाकांचा ब्रेक समान करणं: हे घरी होईल असं वाटतं, पण सर्वोच्या गाडीत उभ्या गाडीवर पेडल दाबून ते करता येत नाही. मॉडेलचं मूळ पुस्तक हातात असेल आणि त्यातला क्रम समजत असेल तरच करा. नाहीतर पहिल्यांदा जाणकाराकडून करून घ्या आणि स्वतः शेजारी उभं राहून बघा. त्याच्याकडे जाताना ती लक्षणांची वही बरोबर न्या: कुठल्या वेगाला, किती ठोके, थंड की गरम, हँडब्रेकवर येते की नाही. त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचं तेवढं बिल.

नवीन लायनर लावून गाडी परत आली की पहिले दोनशे किलोमीटर घाटात जायचं नाही. पन्नासवरून वीसपर्यंत हलका ब्रेक, मग किलोमीटरभर थंड होऊ द्यायचं, परत तसंच, वीस-पंचवीस वेळा. या काळात थोडी घरघर येईल, थोडा वास येईल. दोनशेनंतरही वास राहिला तर चौथ्या तपासणीवर परत या आणि बंदूक घेऊन चारही ड्रम मोजा.